क्लिपरटन बेट

क्लिपरटन बेट : पूर्व पॅसिफिक महासागरातील फ्रान्सच्या मालकीचे निर्मनुष्य प्रवाळबेट. स्थान १०° १८' उत्तर अक्षांश व १०९° १३' पश्चिम रेखांश. मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून नैर्ऋत्येस सु. १,१०० किमी. जमिनीचे क्षेत्रफळ जेमतेम २ चौ. किमी. सर्वांत जवळची जमीन म्हणजे मेक्सिकोचेच सोकोरो बेट. तेही उत्तरेला साडेनऊशे किमी.वर. फ्रेंच पॉलिनेशियातील पापीती बंदर सु. ५,४०० किमी. दूर आहे. नकाशावर हे बेट ठिपक्याएवढेही भरत नाही, पण त्याच्याभोवती फ्रान्सला मिळालेले अनन्य आर्थिक क्षेत्र सु. ४,३१,००० चौ. किमी. आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळापेक्षा मोठे. बेटाबद्दल सरकारांना वाटणारी आस्था बहुतेक या आकड्यामुळेच आहे. निसर्गाच्या अभ्यासकांना मात्र ते वेगळ्या कारणासाठी मोलाचे वाटते. मोजक्या जातींच्या या बेटावर एखादा प्राणी आला किंवा गेला, की सगळ्या बेटाचे रूप कसे पालटते, हे गेल्या सव्वाशे वर्षांत येथे पुन:पुन्हा दिसले आहे.

भूरचना : पूर्व पॅसिफिक महासागरात कंकणाकृती प्रवाळद्वीप असे हे एकच. एका जुन्या, बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळांनी बांधलेले हे कडे सु. १२ किमी. परिघाचे आहे. त्याची रुंदी सरासरी १५० मी.; पश्चिमेला ती ४०० मी.पर्यंत जाते, तर ईशान्येला ४५ मी.पर्यंत आक्रसते. तेथे मोठ्या लाटा जमीन ओलांडून थेट आतल्या पाण्यात पडतात. जमिनीची उंची सरासरी दोन मीटर. प्रवाळांचा चुरा, वाळू आणि काही ठिकाणी पक्ष्यांच्या विष्ठेपासून तयार झालेले फॉस्फेट एवढाच येथला मातीचा ऐवज आहे.

या सपाटीला एकच अपवाद आहे. आग्नेय टोकाला २९ मी. उंचीचा ट्रॅकाइट खडकाचा सुळका उभा आहे. मूळ ज्वालामुखीचा पाण्यावर उरलेला तेवढाच भाग. कंकणद्वीपांवर असा ज्वालामुखीय खडक उघडा दिसणे दुर्मीळ; बहुतेक ठिकाणी तो प्रवाळांच्या जाड थराखाली गाडलेला असतो. सुळक्यात कपारी व पोकळ्या आहेत. बेट इतके सखल आहे, की समुद्रावरून येणाऱ्याला आधी हा खडकच दिसतो आणि लांबून तो शिडाच्या जहाजासारखा भासतो.

कड्याच्या आतले खारकच्छ आज चहूबाजूंनी बंद आहे. ते पूर्वीपासून तसे नव्हते. १८३९ मध्ये ब्रिटिश नौदलातील एडवर्ड बेल्चर याने केलेल्या नकाशात समुद्राशी जोडणाऱ्या दोन वाटा दाखवल्या आहेत. १८५८ मध्ये फ्रेंच तेथे पोहोचले तोवर त्या बुजल्या होत्या. वादळांनी ढकललेल्या प्रवाळांच्या राशींनी त्या बंद केल्या असाव्यात. भरती-ओहोटीचा संबंध तुटला आणि पावसाचे पाणी वर साचत गेले. आता पृष्ठभागावरचे पाणी जवळजवळ गोडे आहे आणि तळाचे जड, खारट, प्राणवायूविरहित. हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. खोल भागात हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो. ‘तळ नसलेले विवर’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव असलेल्या एका खोल डोहाच्या बुडाशी पाणी आम्लधर्मी आहे. वरच्या थरात पक्ष्यांच्या विष्ठेमुळे पोषकद्रव्यांची रेलचेल असते, त्यामुळे पाणवनस्पती व शेवाळ दाट वाढते. मासे या पाण्यात नाहीत. समपाद वर्गातील बारीक कवचधारी किडे मात्र लाखोंनी असतात आणि पाण्यात उतरणाऱ्याला ते चांगलेच चावतात. खारकच्छात ‘अंड्यांची बेटे’ म्हणून ओळखली जाणारी पाच चिमुकली उठाणे आहेत.

हवामान उष्ण व दमट. तापमान २०° ते ३२° से. मे ते ऑक्टोबर हा पावसाळा आणि त्याच महिन्यांत चक्रीवादळांची भीती. आडोसा कोठेच नाही. पिण्याजोगा झरा किंवा विहीर नाही. खारकच्छाचे वरचे पाणी वाईट चवीचे. नाइलाजाने माणसांना तेच प्यावे लागले आहे.

वनस्पती व प्राणी : क्लिपरटनच्या हिरवाईचे वर्णन करताना वर्ष सांगितल्याशिवाय भागत नाही. १७११, १८२५ आणि १८३९ च्या नोंदींत गवत व ठेंगणी झुडपे आहेत. १८९८ मध्ये आलेल्या स्नॉडग्रास व हेलर या अभ्यासकांनी येथे मूळची अशी एकही वनस्पती नसल्याचे लिहिले. १९५८ मध्ये स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या मोहिमेबरोबर आलेल्या मारी-एलेन साशे या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंना बेटावर काटेरी गवत, खुरटी झुडपे, पसरलेल्या वेली आणि नारळाची झाडे दिसली. त्यानंतर काही वर्षांतच जमीन पुन्हा उघडी पडली आणि या शतकात ती पुन्हा हिरवी होऊ लागली. यात कोणाचेही निरीक्षण चुकलेले नाही. बदलत होते ते बेट, आणि बदलाची दोरी एका खेकड्याच्या हाती होती.

हा खेकडा भडक नारिंगी रंगाचा, जमिनीवर राहणारा. पूर्वी तो जोनगार्थिया प्लॅनाटा या जातीत गणला जाई. २०१९ मध्ये त्याला जोनगार्थिया ओशियानिका अशी वेगळी जात मानण्यात आले. प्रौढ खेकडा आयुष्य जमिनीवर काढतो, पण मादीला अंडी सोडण्यासाठी समुद्र गाठावा लागतो आणि डिंभ समुद्राच्या पाण्यातच वाढतात. दुपारच्या उन्हात ते सावलीला दडतात. एरवी दिसेल ते खातात. कोवळे कोंब, पाने, मेलेले पक्षी, पक्ष्यांच्या चोचीतून पडलेले मासे, प्रसंगी आपल्याच जातीतले दुबळे भाऊबंद. खेकडे संख्येने वाढले, की रोप जमिनीतून डोके वर काढताच खुडले जाते.

१८९० च्या दशकात, फॉस्फेट खणणाऱ्या खत-कंपन्यांच्या काळात, बेटावर डुकरे आली आणि माणसे गेल्यावरही मागे राहिली. डुकरांनी खेकड्यांवर ताव मारला. खेकडे घटले, म्हणून गवत वाढले. साशे यांनी पाहिलेली हिरवळ ती हीच. पण डुकरे खेकड्यांवर थांबली नाहीत. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले त्यांनी खाल्ली. १९५८ मध्ये येथे मुखवटाधारी बूबी या पक्ष्याची संख्या १५० आणि तपकिरी बूबीची ५०० एवढीच उरली होती. त्याच मोहिमेतले पक्षितज्ज्ञ केनेथ स्टेगर यांना हे पाहवले नाही. त्यांनी बंदूक मिळवली आणि बेटावरची सगळी, म्हणजे ५८ डुकरे मारून टाकली. आज अशा कामाला समित्या, परवाने आणि वर्षानुवर्षांची तयारी लागते. स्टेगर यांनी ते एकहाती, कोणी न सांगता केले. पद्धतीवर कोणी बोट ठेवू शकेल, परिणामावर ठेवता येणार नाही. २००३ पर्यंत मुखवटाधारी बूबी १,१२,००० आणि तपकिरी बूबी २५,००० झाले. पहिल्याची ही जगातील सर्वांत मोठी वसाहत होती, दुसऱ्याची दुसऱ्या क्रमांकाची.

या वाढीला अंडी खाणारे शत्रू गेले हे एक कारण आणि खेकडे परतले हे दुसरे. खेकड्यांनी झाडोरा साफ केला आणि मुखवटाधारी बूबीला नेमकी मोकळी जमीनच हवी असते. हा पांढराशुभ्र, काळ्या पंखकडांचा, चोचीच्या मुळाशी काळा मुखवटा असलेला पक्षी घरटे असे बांधतच नाही. उघड्या वाळूत खळगा करून सहसा दोन अंडी घालतो. आधी फुटलेल्या अंड्यातले पिल्लू मागून आलेल्या भावंडाला खळग्याबाहेर लोटते आणि बहुधा एकच जगते. दुसरे अंडे म्हणजे पहिले वाया गेल्यास हाताशी असलेला जामीन. प्रौढ पक्षी उडणारे मासे पकडतात. पूर्व पॅसिफिकमध्ये पिवळ्या पराचे टूना आणि डॉल्फिन एकत्र हिंडतात व खालून छोट्या माशांना पृष्ठभागाकडे हाकलतात. बूबींचे थवे त्याच जागा हेरतात. त्यामुळे टूना मासळीची वारेमाप पकड झाली, तर तिचा चिमटा या पक्ष्यांनाही बसू शकतो. पावसाळी वादळात थकून कधीकधी कोकण किनाऱ्यावर येऊन पडणारा ‘मास्क्ड बूबी’ हा याच जातीचा, अर्थात वेगळ्या समुद्रातला.

बेटावर तेरा जातींचे पक्षी वीण करतात. याखेरीज आणखी सव्वीस जातींचे पाहुणे नोंदले गेले आहेत. काजळ्या पाठीचे सुरय, पांढरे सुरय, तपकिरी व काळे नॉडी, मोठे फ्रिगेट ही मुख्य मंडळी. फ्रिगेट दुसऱ्यांच्या तोंडचा घास हवेतच हिसकावून घेतो आणि बूबींची वसाहत त्याला आयतीच सापडली आहे. पांढरा सुरय घरट्याच्या भानगडीत न पडता खडकाच्या कडेवर किंवा फांदीवर नुसते अंडे ठेवतो. खारकच्छात वारकरी पक्षी दिसतात. बदकेही पाहिल्याच्या नोंदी आहेत.

सस्तन प्राण्यांत आज उंदीर तेवढे आहेत आणि तेच येथल्या सध्याच्या अध्यायाचे नायक म्हणा की खलनायक. १९९९ व २००० मध्ये मासेमारीची मोठी जहाजे बेटावर आदळून फुटली. उंदीर त्यांतूनच उतरले असे मानले जाते. ते बारके खेकडे खातात, म्हणून गवत व वेली पुन्हा पसरू लागल्या. म्हणजे डुकरांच्या वेळची साखळी नव्याने सुरू झाली. फरक इतकाच, की डुक्कर बंदुकीने मारता येते. उंदरांसाठी बेटभर विष टाकावे लागते आणि लाखो खेकड्यांच्या बेटावर ते विष आधी खेकडेच फस्त करतात. हिरवळ वाढली म्हणून बेट सुधारले असे समजणारा वाचक येथे फसेल. क्लिपरटनवर हिरवळ हे बहुधा आजाराचे लक्षण असते.

सरपटणाऱ्यांत दोनच जाती : एक पाल आणि तांबूस शेपटीची एक सापसुरळी. दोन्ही लहान, किड्यांवर जगणाऱ्या.

झाडोऱ्यात बहुतेक मंडळी बाहेरून आलेली आहेत. त्यांतली कितीतरी कोकणातल्या माणसाला ओळखीची वाटतील. वाळूवर पसरणारी, गुलाबी-जांभळ्या फुलांची मर्यादवेल, घोळीची भाजी, माक्याच्या कुळातले तण, भुईआवळीचे नातलग, चिकण्याच्या गटातले एक झुडूप, आणि चक्क मोहरी. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यांवर ही झाडे समुद्राच्या आणि माणसाच्या वाहतुकीने सर्वत्र पोहोचली आहेत. यांपैकी घोळ आणि समुद्रकाठी वाढणारे एक हेलिओट्रोप मूळचे असावेत असा साशे यांचा अंदाज होता. वायव्य भागात उंच व ठेंगण्या वनस्पतींचे समांतर पट्टे दिसतात. ती फॉस्फेटसाठी खणलेल्या चरांची खूण समजली जाते. नारळही खत-कंपन्यांच्या काळातले. नैर्ऋत्येकडील सर्वांत मोठ्या नारळीच्या बनाला बूगँव्हीलचे बन म्हणतात.

भोवतालचा समुद्र जमिनीपेक्षा कितीतरी संपन्न आहे. मध्य पॅसिफिक आणि अमेरिकेचा किनारा यांच्यामधल्या अफाट पाण्यात उथळ तळ असलेल्या मोजक्या जागांपैकी ही एक असल्याने दोन्हीकडच्या जातींना येथे मुक्काम मिळतो. काही मासे तर जगात इतरत्र मिळत नाहीत. त्यांतला एक क्लिपरटन एंजेलफिश : गडद निळसर अंगावर पांढरा ठिपका आणि पांढरी शेपटी. कॉनराड लिम्बॉ या पाणबुड्या जीवशास्त्रज्ञाच्या नावाने त्याला होलाकँथस लिम्बॉई म्हणतात. लिम्बॉ १९५८ च्या मोहिमेत होता आणि १९६० मध्ये पाण्याखालीच मरण पावला. दुसरा क्लिपरटन डॅमसेलफिश. प्रवाळांची वाढ चांगली आहे. किनाऱ्यावर मात्र प्लॅस्टिकचा कचरा आणि मासेमारीच्या जाळ्यांचे गुंते यांची रांग लागलेली असते. निर्मनुष्य जागा स्वच्छच असते या समजुतीला येथे काही आधार नाही.

इतिहास : बेटाचे नाव जॉन क्लिपरटन या अठराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रज चाच्यावरून पडले, पण तो येथे उतरला होता याचा पुरावा नाही. ३ एप्रिल १७११ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, मार्तँ द शासिरों व मिशेल द्यु बोकाज या फ्रेंच कप्तानांनी ते पाहिले व ईल द ला पासिओं असे नाव दिले. १७ नोव्हेंबर १८५८ रोजी फ्रान्सने मालकी जाहीर केली आणि मग विसरूनही टाकली. १८९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या ओशियानिक फॉस्फेट कंपनीने खत खणले. १८९७ मध्ये मेक्सिकोने ताबा घेतला, पुढे एका ब्रिटिश कंपनीला खणण्याची परवानगी दिली आणि १९०६ मध्ये खडकावर दीपगृह उभारले.

यानंतरचा प्रसंग बेटाच्या सगळ्या इतिहासात सर्वांत भयानक आहे. १९१४ मध्ये येथे रामोन आर्नो या कप्तानाच्या हाताखालच्या शिबंदीसह, बायकामुले धरून, सु. शंभर माणसे होती. अन्नधान्य अकापुल्कोहून जहाजाने येई. मेक्सिकोत क्रांती पेटली आणि जहाज यायचे बंद झाले. त्या वर्षी एका अमेरिकी जहाजाने सुटका देऊ केली. आर्नोने ठाणे सोडायला नकार दिला. शिपायाचा बाणा म्हणून या नकाराचे कौतुक करणारे आहेत, पण त्याची किंमत मोजली ती मुख्यतः इतरांनी. पक्ष्यांची अंडी, मासे आणि थोडे नारळ यांवर माणसे जगू लागली. ताज्या भाज्या-फळांअभावी स्कर्व्हीने एकेक मरू लागले. १९१५ मध्ये दूरवर दिसलेले जहाज गाठण्यासाठी होडीतून निघालेला आर्नो आपल्या साथीदारांसह बुडाला. शेवटी पुरुषांत उरला तो दीपगृहाचा राखणदार व्हिक्तोरियानो आल्वारेस. त्याने स्वतःला राजा म्हणवले आणि उरलेल्या बायकांवर अत्याचार व खून यांचे सत्र चालवले. जुलै १९१७ मध्ये तिर्सा रेंडोन हिने त्याला ठार केले. त्याच सुमारास यॉर्कटाउन हे अमेरिकी युद्धजहाज तेथे आले आणि १८ जुलै रोजी चार स्त्रिया व सात मुले सुटली. त्यांत आर्नोची विधवा अलिसिया होती. कोलंबियाच्या लेखिका लाउरा रेस्त्रेपो यांची १९८९ मधील कादंबरी याच घटनांवर आधारलेली आहे. पुढे झाक कूस्तो यांची चित्रपट-मोहीम बेटावर गेली, तेव्हा वाचलेल्या मुलांपैकी एक, आर्नोचाच मुलगा, म्हातारपणी बरोबर होता.

मालकीचा वाद फ्रान्स व मेक्सिको या दोन्ही देशांनी इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्याकडे सोपवला होता. १९०९ मध्ये ठरलेल्या या लवादाचा निकाल २८ जानेवारी १९३१ रोजी लागला, तोही फ्रान्सच्या बाजूने. निर्जन भूभागावर मालकी सिद्ध करायला तेथे वस्ती करावीच लागते असे नाही, हे सूत्र त्यातून आले आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हा खटला आजही शिकवला जातो. ज्यांनी तेथे खरोखर वस्ती केली व मरण पत्करले, त्यांच्या देशाच्या पदरी काही पडले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेने हवामान-केंद्र चालवले. त्या काळातल्या दारूगोळ्याचे गंजलेले अवशेष अजून दिसतात. १९६२ मध्ये एक टूना-नौका फुटून तिचे खलाशी तीन आठवडे येथे अडकले होते. फ्रेंच संशोधक झाँ-लुई एतियेन यांचे पथक २००४ च्या अखेरीपासून २००५ च्या वसंतापर्यंत राहिले. जीवसृष्टीची सर्वांत तपशीलवार मोजदाद त्या मुक्कामात झाली.

प्रशासन : २००७ पासून बेट थेट फ्रान्सच्या सागरपार प्रदेशांच्या मंत्र्याच्या अखत्यारीत असून प्रत्यक्ष कामकाज फ्रेंच पॉलिनेशियातील उच्चायुक्त पाहतात. उतरण्यासाठी त्यांची परवानगी लागते. धक्का नाही, प्रवाळकाठावर फुटणाऱ्या लाटांतून रबरी होडी घालावी लागते आणि त्यात होड्या उलटतात. तरीही दुर्मीळ ठिकाणांहून संदेश पाठवणाऱ्या हौशी रेडिओ-चालकांच्या तुकड्या येथे येऊन गेल्या आहेत. फ्रेंच नौदलाचे जहाज अधूनमधून फेरी मारते, ध्वज नवा लावते, नामफलक रंगवते. २००७ च्या करारानुसार मेक्सिकोच्या टूना-नौकांना भोवतालच्या क्षेत्रात मासेमारीचे परवाने विनामूल्य मिळतात. २०१६ मध्ये किनाऱ्यालगतच्या बारा सागरी मैलांच्या पाण्याला संरक्षण देण्यात आले. त्यापलीकडे टूनाची पकड चालू आहे. बेटाला ९८७९९ हा टपाल क्रमांक आहे. टपाल कार्यालय नाही.